सैल विणीची माणसं

ईशान्य चीनमधल्या मुदानच्यांगच्या रेल्वे वसाहतीत लू लिंगफनला स्वेटर दाखवायला कोणी आपण होऊन जात नसे. दाखवलेला स्वेटर ती हातात घ्यायची, खिडकीकडे धरून त्यातून उजेड किती येतो ते बघायची, काखेतला जोड दोन बोटांनी ताणायची आणि परत देताना एवढंच म्हणायची, "घालणार कोण आहे? मग चालेल." तेवढ्यावर त्या बाईचा अख्खा हिवाळा नासायचा.

डबे दुरुस्तीच्या कारखान्यात ती भांडारात होती. कामगारांना हत्यारं द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची, मधल्या वेळात विणायचं. थंडी उणे तिशीला जाऊन बसली की त्या कारखान्यातल्या सगळ्याच बाया विणत. सभेत विणत, जेवणाच्या रांगेत विणत. फोनवर बसणारी फानबाई तर रिसीव्हर खांद्यात दाबून विणायची. लिंगफनच्या मते फानबाईच्या विणीतून शिजवलेला वाटाणा आरपार गेला असता. रंगकामातली बाई दर चौथ्या ओळीला टाका टाकायला विसरायची आणि मग तीच नक्षी आहे म्हणून सांगायची. लिंगफनची खात्री होती की ज्याची वीण सैल, त्याचा संसारही सैल आणि जीभही सैल. आपली जीभ कशी आहे याचा विचार तिला कधी शिवला नाही.

नवऱ्याला ती लाओ मंग म्हणायची, सगळा कारखाना म्हणायचा तसंच. लाओ मंग डब्यांच्या चाकांवर काम करायचा. कारखान्याकडून दर महिन्याला पांढऱ्या सुती हातमोज्यांची एक जोडी मिळायची. ती तो वापरत नसे. घडी न मोडता घरी आणून देई आणि स्वतः उघड्या हातांनी गारठलेल्या लोखंडाला भिडे. वर्षभराचे मोजे साठले की लिंगफन ते उसवून त्या सुताची आत घालायची विजार विणायची. त्यामुळे लाओ मंगचे पाय उबदार असत आणि तळहात भेगाळलेले.

"इतरांचे नवरे मोजे घालून फाडतात," लिंगफन शेजारणींना सांगायची. "आमच्या माणसाला आयुष्यात एवढी एकच गोष्ट नीट जमली, न घालणं."

लाओ मंग हसायचा आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचा. त्याला वेगळं काही म्हणायचं असेल तर ते पंचवीस वर्षांत कोणाला ऐकू आलं नव्हतं.

त्यांची मुलगी ह्वेइ एकोणीस वर्षांची होती आणि टपाल कचेरीत पाकिटं निवडायची. तिच्या अंगातल्या स्वेटरची लोकर आधी तिच्या आजोबांच्या अंगावर होती, मग लाओ मंगच्या, मग तिच्या. दर दोनतीन वर्षांनी लिंगफन तो स्वेटर उसवायची, कुरळी झालेली लोकर किटलीत उकळत्या पाण्याच्या वाफेतून ओढायची. झाकणाकडून आत घालायची, तोटीतून बाहेर काढायची, तशी ती सरळ होऊन यायची. मग कमी पडेल तेवढी नवी लोकर जोडून पुन्हा विणायची. त्यामुळे त्या स्वेटरवर तीन रंगांचे पट्टे होते. ह्वेइला त्यातला एकही आवडत नसे.

"टपाल कचेरीतल्या मुली मला झेब्रा क्रॉसिंग म्हणतात," ती म्हणायची.

"म्हणू देत. त्यांच्या आयांना गळ्याचे टाके तरी नीट उचलता येतात का?"

लिंगफनला सगळ्यात जास्त तुच्छता मात्र वाटायची ती तिच्या सख्ख्या बहिणीची. थोरली रुईफन, सहा वर्षांनी मोठी, हार्बिनला दिलेली. तिला विणकाम येतच नव्हतं. आई जिवंत असताना हिवाळाभर लोकांचे स्वेटर विणून घर चालवायची, आणि अशा आईच्या पोटी जन्मून थोरलीने कधी सुई हातात धरली नाही, हे लिंगफन कोणालाही सांगायची. त्यात रुईफनचा नवरा, ताओ, हार्बिनमधल्या एका मोठ्या दुकानात माल खरेदी करायच्या कामावर. गुळगुळीत चेहऱ्याचा, बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावणारा. रुईफन दर नवीन वर्षाला दुसऱ्या दिवशी धाकटीकडे यायची, कारण माहेर म्हणून आता तेवढंच उरलं होतं. यायची आणि घरातसुद्धा कातडी हातमोजे काढायची नाही. काढले तर हात बाह्यांत ओढून बसायची.

"मडम आल्या," लिंगफन स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणायची. "हाताला आमच्या घरची हवा लागेल ना."

सत्त्याऐंशी साली चिनी पंचांगातलं सशाचं वर्ष लागलं, तेव्हाही ती दोघं आली. ताओने दारातच ह्वेइच्या हातात एक चपटा खोका ठेवला. आत गडद लाल स्वेटर होता, पारदर्शक पिशवीत, गळ्याला सोनेरी चिठ्ठी.

"ऑस्ट्रेलियाची लोकर," ताओ म्हणाला. "शंभर टक्के. आमच्याकडे येतो तो माल काउंटरवर पोचतच नाही, आधीच संपतो. तुझ्या मावशीसाठी एक ठेवला आणि तुझ्यासाठी एक."

रुईफनच्या अंगात तसाच होता, सायीच्या रंगाचा. ह्वेइने तिथेच आईच्या हातचा पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर डोक्यावरून काढून विटांच्या तापत्या ओट्यावर, कांगवर फेकला आणि लाल घातला. आरशात पुढून पाहिलं, मागून पाहिलं. घरातल्या आरशात एवढा वेळ तिने कधी घालवला नव्हता.

"किती हलका आहे," ती म्हणाली.

"हलका असणारच," रुईफन म्हणाली. "चांगली लोकर हलकीच असते. लिंगफन, तूही आता पुरे कर. हार्बिनमध्ये हाताने विणलेलं कोण घालतं आता? ज्यांना पर्याय नाही ते."

 लिंगफन करंज्यांसारखे सारण भरलेले जाओझ उकळायला गेली. पण ताटं मांडताना ती दोनदा ह्वेइच्या मागून गेली आणि दोन्ही वेळा तिने त्या लाल बाहीला बोट लावून पाहिलं. बोटाला कळायचं ते कळलं होतं. तिशी उलटायच्या आतच तिच्या हातून इतकी लोकर गेली होती की डोळे बांधले तरी तिने मेंढीचं वय सांगितलं असतं, असं ती म्हणायची. त्यातलं निम्मं खरं मानलं तरी पुष्कळ होतं.

डुकराचं मांस घालून आंबवलेला कोबी झाला, जाओझ झाले, ताओचे दोन पेले झाले. तो ऑस्ट्रेलियाच्या कुरणांबद्दल सांगू लागला. स्वतः बघून आल्यासारखा सांगत होता. लिंगफन उठली, शिवणकामाच्या डब्यातून कात्री आणली आणि ह्वेइला म्हणाली, "उभी राहा."

"आई, काय करतेस?"

"आतल्या जोडाचा बोटभर धागा. दिसणार नाही."

तिने धागा कापला, टेबलावर बशी ओढली आणि काडी पेटवली. आधी तिने आपल्याच बाहीतला एक धागा जाळून दाखवला. तो कुरकुरत जळला, केस जळाल्याचा वास सुटला, आणि बोटाने दाबला तशी राख भुगा झाली. मग तिने लाल धागा धरला. तो जळला नाही, वितळला. थेंबासारखा गोळा झाला, प्लॅस्टिकचा वास आला, आणि बशीत काळा टणक मणी उरला. लिंगफनने तो नखाने टिचकी मारून ताओच्या पेल्यापाशी ढकलला.

"दाजी, ही मेंढी कोणत्या कारखान्यात तयार होते?"

लाओ मंगने बिया सोलणं थांबवलं. ताओ हसला, पण हसू चेहऱ्यावर नीट बसेना.

"हल्ली मिश्रण करतात, लिंगफन. टिकाऊपणा येतो. अगदी थोडं असतं."

"थोडं? मग लोकर कुठे आहे ते सांगा. मी बशी धुऊन पुन्हा बघते."

एवढ्यावर थांबली असती तर ती लिंगफन नव्हे. ती बहिणीकडे वळली. "तुझाही दे ताई. पर्याय असलेल्या माणसांचा कसा जळतो ते बघू."

रुईफन कात्री घेणार तेवढ्यात ताओ म्हणाला, "रुईफन, राहू दे."

तो हळूच म्हणाला आणि सवयीने तिच्या कोपराला हात लावला. रुईफन त्याच्याकडे बघत राहिली. धागा जाळायची गरजच उरली नाही. त्याला ठाऊक होतं, हे त्या तीन शब्दांत आलं होतं. भाचीला फसवलं ते एक वेळ सोडा, बायकोला बायकोच्याच अंगावर फसवलं होतं, आणि तिने तो स्वेटर घालून महिनाभर हार्बिनच्या मैत्रिणींसमोर मिरवलं होतं. तरीही तिने कात्री घेतली. धागा कापला. काडी स्वतः ओढली, दोन मोडल्या, तिसरी पेटली. सायीच्या रंगाचा धागा आक्रसून काळा झाला.

"तुला लोकर म्हणून दिली होती की तुला माहीत होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"सगळेच विकतात, रुईफन. चिठ्ठी कोण वाचून बघतं?"

"मी वाचली होती," रुईफन म्हणाली.

ताओ दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने एकटा गेला. दुकानात काम आहे म्हणाला. नवीन वर्षाच्या तिसऱ्या दिवशी कोणत्या दुकानात काम असतं, हे त्याला कोणी विचारलं नाही. रुईफन मात्र राहिली.

लिंगफनला यात फार आनंद झाला असं म्हणणं चूक ठरेल, पण दुःख झालं असं म्हणणं त्याहून चूक ठरेल. ती कामाला गेली तेव्हा ती गोष्ट फानबाईपासून फाटकावरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून आली, आणि प्रत्येक वेळी बशीतला मणी थोडा मोठा झाला.

ह्वेइ मात्र लाल स्वेटर घालूनच टपाल कचेरीत गेली.

"अगं, तो प्लॅस्टिकचा आहे."

"माहीत आहे. मी समोर बसले होते."

"मग?"

"मग काय? मला रंग आवडला."

 खोटं समोर जाळून दाखवल्यावरही माणूस ते अंगावर घालतं, हे लिंगफनच्या हिशेबात बसेना. ही पोरगी आपली नसून दवाखान्यात बदललेली असावी, असं तिने लाओ मंगला सांगितलं. लाओ मंग म्हणाला, "नाक तुझंच आहे." त्या महिन्यातलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य होतं.

पाचव्या दिवशी दुपारी लिंगफन सुट्टीवर होती. कांगवर बसून ती नवऱ्याची विजार विणत होती. खिडकीच्या काचेवर बर्फाची जाड साय धरली होती. रुईफन समोर येऊन बसली.

"मला शिकव."

"काय?"

"विणायला."

"या वयात?"

"मग तुझ्याकडे शिकवण्यासारखं दुसरं काय आहे? स्वयंपाक?"

लिंगफनला हे लागलं, पण कोबी खरोखरच खारट झाला होता. तिने बारीक सुयांची जोडी आणि जुन्या लोकरीचा गोळा बहिणीकडे टाकला. पहिले वीस टाके स्वतः घालून दिले. रुईफनने सुया घेतल्या, त्या बाह्यांच्या आतूनच धरल्या, आणि तिसऱ्या टाक्याला सुई घसरली. पुन्हा धरली. पुन्हा घसरली.

"बाह्या वर कर की," लिंगफन म्हणाली. "हात काय लपवतेस? काही चोरून आणलंय का? आईच्या हयातीत सुई धरली असतीस तर आज ही वेळ आली नसती. पण तुला तेव्हाही फक्त आयतं हवं होतं."

रुईफनने सुया खाली ठेवल्या. बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही हात बहिणीसमोर विणकामावर पालथे ठेवले. बोटांचे सांधे सुजून गाठाळलेले होते आणि दोन्ही हातांची शेवटची दोन बोटं आत वळून तिथेच थिजली होती. लिंगफनने ते हात याआधी पाहिले नव्हते असं नाही. नीट पाहिले नव्हते.

"आई लोकांचे जुने स्वेटर उसवायची," रुईफन म्हणाली, "तेव्हा ती लोकर धुवायचं कोण, ते आठवतं तुला?"

"आई."

"आईचे हात जपायचे असत. त्यांच्यावर घर चालायचं. मी धुवायचे. अंगणात, विहिरीच्या पाण्यात. गरम पाण्यात लोकर आटते म्हणून गार पाण्यात. अकरा वर्षांची होते. बादलीवर बर्फाची पापडी धरायची, ती मुठीने फोडायची. बोटं फुगून फुटायची, बरी व्हायची, पुन्हा फुटायची. तीन हिवाळे. नंतर बरी झाली ती अशीच."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? तू कांगवर आईच्या मांडीला टेकून बसायचीस. ऊब होती तिथे. आई म्हणायची, धाकटीच्या हातात कला आहे."

लिंगफन उठून बाहेर गेली. गच्चीच्या कठड्यावर टोपलीत नाशपाती ठेवल्या होत्या, तिथल्या रीतीने मुद्दाम गोठवून काळ्याठिक्कर आणि दगडासारख्या केलेल्या. त्या आणायला आलोय असं दाखवत ती तिथे उभी राहिली. कला. आयुष्यभर ती तो शब्द पदकासारखा मिरवत आली होती आणि फानबाईची, रंगकामातल्या बाईची, अख्ख्या वसाहतीची लाज काढत आली होती. आता तिला त्या शब्दाची शिसारी आली. कांगवरची पोर, तिला कोणी तरी धुऊन वाळवून दिलेली लोकर गुंडाळायला मिळाली, त्यात कसली आलीय कला? दुसऱ्या कोणाबद्दल कळलं असतं तर याच गोष्टीवर तिने वर्षभर तोंडसुख घेतलं असतं.

गारठा वाढला तशी ती आत आली. नाशपाती थंड पाण्यात भिजत टाकल्या. माफीबिफी मागितली नाही, ते तिच्या तोंडाला ठाऊकच नव्हतं. कपाटाच्या तळातून तिने लाकडाच्या जाडजूड सुया काढल्या, घोड्याच्या पाठीवरचं कांबळं विणायच्या.

"या घे. या बोटांत धरायच्या नाहीत, मुठीत धरायच्या. आणि धागा करंगळीला नको, मनगटाला गुंडाळ."

"असं विणतात?"

"कोणी विणत नाही. तू विण."

नवीन वर्षाच्या पंधराव्या दिवशीच्या कंदिलाच्या सणापर्यंत रुईफन राहिली. तेवढ्यात तिचा एक मफलर झाला. सुरुवातीला वीतभर रुंद होता, मध्ये दीड वीत झाला, शेवटी पुन्हा बारीक झाला. कुठे टाके गळले होते, कुठे जास्तीचे आले होते. लिंगफन प्रत्येक ओळीला शेरा मारायची, "हा साप आहे का? जेवून बसलेला?" रुईफन म्हणायची, "तुझ्या नवऱ्याच्या विजारीपेक्षा बरा. ती घालून माणूस बाहेर तरी पडू शकत नाही." लाओ मंग यावर हसला आणि दोघींनी मिळून त्याला झापलं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी ताओ न्यायला आला. सोबत मिठाईचे दोन खोके होते. लिंगफनने त्यातला एक उघडून नाकाशी नेला आणि काडेपेटी कुठे आहे म्हणून विचारलं.  फलाटावर गाडीची वाट बघताना रुईफनने पिशवीतून मफलर काढला आणि नवऱ्याच्या गळ्यात घातला.

"इथे? लोक बघतायत," ताओ म्हणाला.

"बघू देत. शंभर टक्के लोकर आहे. मी स्वतः बघितलीय."

हार्बिनपर्यंतचे सहासात तास ताओ तो साप गळ्यात घेऊन बसला. आपल्या उभ्या आयुष्यात इतकं वाईट विणकाम इतक्या योग्य जागी गेलेलं पाहिलं नाही, असं लिंगफनचं मत पडलं.

पुढच्या हिवाळ्यात हार्बिनहून पार्सल आलं. बिनबाह्यांचं जाकीट, राखाडी, लिंगफनच्या मापाचं. माप म्हणजे अंदाज. एक खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं वर होता आणि पाठीवर एका जागी वीण एवढी सैल की आतला सदरा दिसावा. लिंगफनने ते उजेडात धरलं आणि तिचे हात शिवशिवले. तिने ते सगळं उसवलं, वाफेतून काढलं, आठ दिवसांत पुन्हा विणलं आणि ताईला कळवलं, "जाकीट मिळालं. खांदे सरळ केले. आता घालण्यासारखं झालं आहे."

उत्तर चार ओळींचं होतं. "तुला कोणी सांगितलं होतं? ते मी तुझ्यासाठी विणलं होतं, तुझ्याकडून शिकायला नाही. जसं होतं तसं पुन्हा विण. मी नवीन वर्षाला येईन तेव्हा अंगात तेच दिसलं पाहिजे."

लिंगफनने ते कागदाचं चिठोरं तीनदा वाचलं. मग जाकीट पुन्हा उसवलं आणि वाकडं विणायला बसली. रविवारची अख्खी दुपार गेली. खांदा वर चढवायचा ठरवून चढवला, तरी तो चढवल्यासारखा दिसेना, शिंप्याने मुद्दाम बेतल्यासारखा दिसला. टाके सैल सोडले तर सगळे एकसारखे सैल पडले, एकही दुसऱ्यापेक्षा जास्त नाही. गळ्याशी तिने चार टाके गाळायचे ठरवले, आणि बोटांनी तिला न विचारता ते उचलून घेतले. तिने सुया आपटल्या, पुन्हा उसवलं, पुन्हा बसली. तिसऱ्यांदाही तेच. लाओ मंग बाजूला बसून बघत होता आणि हसू येऊ नये म्हणून बिया तोंडात कोंबत होता.

"दे इकडे," ह्वेइ म्हणाली. तिच्या अंगात तोच लाल स्वेटर होता, कोपरांवर गोळे आलेला. "काय करायचंय? खांदा वाकडा आणि मागे भोक?"

"तुला विणता येतं कुठे?"

"नाही येत. म्हणूनच म्हणतेय."

लिंगफनने सुया तिच्या हातात दिल्या. उलटा टाका कोणता आणि सुलटा कोणता एवढंच सांगितलं, तेही ह्वेइने नीट ऐकलं नाही. टपाल कचेरीतल्या मुलींच्या गमती सांगत ती विणत गेली. रात्रीच्या जेवणाआधी वीतभर पाठ झाली आणि त्यात तीन टाके गळाले होते, दोन भलतीकडेच गेले होते, काठ डावीकडे कलला होता. लिंगफनने ते खिडकीकडे धरलं. हुबेहूब ताईचा हात.

"अशी घाण करायला पण जन्मजात अंग लागतं," ती म्हणाली आणि धागा कमी पडू नये म्हणून ह्वेइच्या शेजारी बसून दुसरा गोळा गुंडाळायला लागली.